हारतुरे बाजूला ठेवा, कॅमेरा यंत्राकडे वळवा

आपल्या संघटनेच्या कोणत्याही कचेरीत जा. भिंतीवर चौकटीत लावलेली छायाचित्रे पाहा, कपाटातील मुखपत्राच्या जुन्या अंकांच्या फायली उघडा. अधिवेशनाचे उद्घाटन, दीपप्रज्वलन, व्यासपीठावर ओळीने बसलेले पदाधिकारी, पुष्पहार, शाल-श्रीफळ, ध्वनिक्षेपकासमोर हात उंचावून बोलणारे नेते, आणि शेवटी सभागृहाच्या मागच्या दारातून घेतलेले सभेचे एक चित्र, ज्यात सभासदांच्या फक्त पाठी दिसतात. ज्या यंत्रावर तो सभासद आठ-दहा तास उभा असतो ते यंत्र कुठेच नाही. त्याचे हात नाहीत, त्याचा डबा नाही, तो राहतो ती खोली नाही. प्रस्तुत लेखकही अशा पुष्कळ चित्रांत गळ्यात हार घालून उभा आहे. तेव्हा ही टीका दुसऱ्या कुणावर नसून आधी स्वतःवर आहे.

कामगार चळवळीला छायाचित्रांचे, ध्वनिफितींचे आणि चित्रफितींचे काय करायचे आहे, हा प्रश्न हौसेचा किंवा प्रसिद्धीचा समजून आपण आजवर बाजूला ठेवला. तो हक्काचा आणि पुराव्याचा प्रश्न आहे, हे मला एका अपघाताने शिकवले. तो प्रसंग आधी सांगतो.

लाकडी पाचर

मध्य प्रदेशातील एका औद्योगिक वसाहतीत, २०१८ साली, पत्रा दाबण्याच्या प्रेस मशीनवर काम करणाऱ्या एका तरुण कामगाराची दोन बोटे गेली. या मशीनला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणजे हात डायखाली राहूच नयेत, अशी ती योजना. पण दोन्ही हात बटणांवर ठेवले की माल कमी निघतो. म्हणून त्या शेडमध्ये एक बटण लाकडी पाचर मारून कायमचे दाबून ठेवण्याचा रिवाज पडला होता. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पत्रा. सुपरवायझरला हे ठाऊक होते, सर्वांनाच ठाऊक होते.

अपघातानंतर पाचर नाहीशी झाली. व्यवस्थापनाने प्रथम सांगितले की पाचर नव्हतीच. नंतर सांगितले की असलीच तर ती त्या कामगाराने स्वतः मारली असेल. हे दुसरे म्हणणे जाणूनबुजून केलेले होते. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात अशी तरतूद होती की, कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले किंवा निकामी केले असेल, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले नसेल, तर मालकाची जबाबदारी टळते. दोन बोटे जाणे हे कायद्याच्या भाषेत पूर्ण अपंगत्व नव्हे.

आणि आमच्याकडे छायाचित्र होते! अपघाताच्या तीन महिने आधी, दुसऱ्या पाळीत, एका हेल्परने आपल्या मित्राचा वाढदिवस म्हणून मोबाइलवर फोटो काढला होता. मित्र हसत उभा, आणि त्याच्या मागे त्याच मशीनवर, बटणात मारलेली पाचर स्वच्छ दिसत होती. म्हणजे पाचर त्या जखमी कामगाराची नव्हती, शेडची होती. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून एका गटातून दुसऱ्या गटात गेला. चारशे लोकांनी तो पाहिला, शेरे मारले, संताप व्यक्त केला. पण तो पुढे मांडायची वेळ आली तेव्हा समोरच्या वकिलाने तीन साधे प्रश्न विचारले. हा फोटो कुणी काढला? कोणत्या तारखेला? तो याच मशीनचा कशावरून? हेल्पर काम सोडून गावी गेला होता. त्याचा मोबाइल दुरुस्तीला गेला तेव्हा त्यातले सारे पुसले गेले होते. आमच्या हाती उरली होती ती फिरून फिरून धूसर झालेली नक्कल, जिच्यावर ना तारीख, ना नाव, ना मशीनचा क्रमांक. प्रकरण तडजोडीत मिटले, आणि तडजोड कुणाच्या बाजूला झुकली असेल ते वाचकांना सांगायला नको.

त्या दिवशी आमच्याजवळ चित्र होते, पण चित्राखालची ओळ नव्हती. पुढचे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

कोटाच्या बटणांनी मोजलेली उंची

चित्राखालच्या ओळीचे मोल ज्याने जगाला दाखवले तो लुईस हाइन. न्यूयॉर्कमधील एका शाळेतला हा शिक्षक १९०८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी पूर्णवेळ छायाचित्रे काढू लागला. सूतगिरण्या, काचेचे कारखाने, कोळशाच्या खाणी, डबाबंद मासळीचे कारखाने, रस्त्यावर वृत्तपत्रे विकणारी मुले, असा त्याचा प्रवास. मालक त्याला आत घेत नसत. मग तो कधी बायबल विकणारा होई, कधी विमा विकणारा, कधी यंत्रांची छायाचित्रे हवी असलेला माणूस. खिशात हात घालून, कुणाला न दिसेल असे तो टिपण करी. आपल्या कोटाचे कोणते बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याने मोजून ठेवले होते. मूल शेजारी उभे राहिले की त्याची उंची त्याला कळे.

१९०८ च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलिनातील लँकेस्टरच्या सूतगिरणीत त्याने एका मुलीचे चित्र घेतले. चात्यांच्या लांबच लांब रांगेपुढे ती एकटी उभी आहे. चित्राखाली तिचे नाव आहे, तिची उंची ४८ इंच असल्याची नोंद आहे, ती सहा महिने काम करीत असल्याची नोंद आहे, गिरणीचे नाव आणि तारीख आहे. ४८ इंच म्हणजे चार फूट. या आकड्यापुढे मालकाने सांगितलेले वय टिकत नाही. चित्र पाहून मन हलते हे खरे, परंतु चित्राखालच्या नोंदीमुळे मालकाचे तोंड बंद होते. त्या समितीसाठी घेतलेली अशी सुमारे ५,१०० छायाचित्रे आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत.

पण हाइनची गोष्ट सांगताना आपण तिचा दुसरा भागही सांगितला पाहिजे, नाहीतर ती भाबडी होते. छायाचित्रे निघाली आणि कायदा झाला असे घडले नाही. १९१६ साली बालमजुरीविरुद्ध केंद्रीय कायदा झाला, तो १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले. म्हणजे हाइनने काम सुरू केल्यापासून ३० वर्षे. मधल्या काळात समित्या, संघटना, संप, निवडणुका आणि महामंदी हे सर्व घडावे लागले. चित्र हे संघटनेला पर्याय ठरत नाही. संघटना नसेल तर चित्र वर्तमानपत्राच्या रद्दीबरोबर जाते.

खुद्द हाइन १९४० साली दारिद्र्यात वारला. त्याची चित्रे न्यूयॉर्कच्या 'फोटो लीग' या छायाचित्रकारांच्या संघटनेकडे गेली. त्या संघटनेवर सरकारने १९४७ मध्ये देशविरोधी असल्याचा ठपका ठेवला, १९५१ मध्ये ती बंद पडली, आणि चित्रे पुढे रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयात पोहोचली. सांभाळणारी संस्था टिकली तरच स्मृती टिकते, हा धडा आपणही गाठीला बांधावा.

आपली परंपरा

हे सारे परदेशातले झाले असे कुणी म्हणू नये. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना हा तरुण कॅमेरा घेऊन गावोगाव फिरला. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी आणि चित्रकार चित्तप्रसाद हे त्याचे सहकारी. लाखो माणसे उपासमारीने मरत असताना, सरकार त्याला दुष्काळ म्हणायलाही तयार नसताना, जाना यांची छायाचित्रे पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या पत्रात छापली गेली. चित्तप्रसाद यांच्या रेखाटनांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. सत्तेला चित्राची भीती वाटते याला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते? पुढे जाना मुंबईत आले, आणि त्यांनी शेतकरी, खाणकामगार, कारखान्यातील कामगार, आदिवासी यांची जी छायाचित्रे घेतली ती या देशाच्या श्रमाचा मोठा ठेवा ठरली. २०१२ साली ते वारले.

नंतरच्या काळातले उदाहरण पी. साईनाथ यांचे. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून त्यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाची छायाचित्रे घेतली आणि 'दिसणारे काम, न दिसणाऱ्या स्त्रिया' या आशयाचे प्रदर्शन उभे केले. विटा वाहणाऱ्या, लावणी करणाऱ्या, सरपण आणि पाणी आणणाऱ्या, जनगणनेच्या कागदावर बहुतेक वेळा 'काम न करणाऱ्या' म्हणून मोजल्या जाणाऱ्या स्त्रिया. हे प्रदर्शन कलादालनापुरते न ठेवता बसस्थानकांवर, रेल्वे स्थानकांवर, कारखान्यांत, शेतमजुरांच्या मेळाव्यांत लावले गेले. ज्यांची चित्रे त्यांनीच ती पाहावी, ही त्यामागची भूमिका. २०१४ च्या डिसेंबरमध्ये साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात छायाचित्र, लेख, ध्वनी आणि चित्रफीत एकत्र येतात, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते वाचता येते.

मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे काम केले तेही येथे नमूद केले पाहिजे. कचऱ्याच्या डब्यात, गटारात, उघड्या हातांनी शहर स्वच्छ करणारे हे कामगार, त्यांची घरे, त्यांची व्यसने, त्यांच्या बायका-मुले, यांची चित्रे त्यांनी वर्षानुवर्षे काढली. शहराने ज्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले होते त्यांच्याकडे पाहायला भाग पाडले.

नाव नसलेली माणसे

आता या माध्यमाचा दोष. डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या मळ्याजवळ एका स्थलांतरित मजूर मातेचे चित्र घेतले. जगातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी ते एक. पण लँग यांनी तिचे नाव विचारले नाही. ती स्त्री फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन होती, हे जगाला १९७८ मध्ये कळले. त्या चित्राचे तिला काहीच मिळाले नाही, आणि आपल्याला दारिद्र्याचे चिन्ह करून टाकल्याचा सल तिच्या मनात होता. सरकारच्या योजनेसाठी, चांगल्या हेतूने काढलेले चित्र, तरीही चित्रातली बाई चाळीस वर्षे बिननावाची राहिली. हाइनच्या चार फुटी मुलीला मात्र पहिल्या दिवसापासून नाव होते.

ब्राझीलचे सेबास्तियाओ साल्गादो २०२५ साली वारले. ते मूळचे अर्थतज्ज्ञ. १९९३ साली आलेला त्यांचा 'कामगार' हा ग्रंथ हाताने काम करणाऱ्या माणसाला वाहिलेली आदरांजली आहे. त्यात आपल्या धनबादचे कोळसा कामगार आहेत, राजस्थानच्या कालव्यावर खपणाऱ्या बायका आहेत. सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेली हजारो माणसे शिड्यांवर मुंग्यांसारखी चढताना दिसतात. चित्र इतके भव्य की पाहणारा थक्क होतो. पण थक्क होणे आणि जाब विचारणे यांत अंतर आहे. त्या माणसांना पोत्यामागे काय मिळत होते, आजारी पडल्यावर कोण पाहत होते, हे भव्यतेत हरवू शकते. साल्गादो स्वतः मजकुराने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करीत, हे मान्य करूनही धोका उरतोच.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. ८ मे २०२० रोजी जालना आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) यांच्या दरम्यान, करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशचे, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, टाळेबंदीत गावाकडे पायी निघालेले. रुळांवर पसरलेल्या चपात्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. देश हळहळला. पण त्या चपात्यांच्या चित्राशेजारी त्यांची थकलेली मजुरी किती होती, त्यांचा ठेकेदार कोण, परत जाण्याची सोय करणे कुणाची जबाबदारी होती, हे किती जणांनी छापले? आणि आम्ही, कामगार संघटनांनी, आमच्या पत्रकांत तरी किती छापले? चपात्या सर्वांच्या लक्षात राहिल्या. सोळा नावे किती जणांना सांगता येतील?

दयेने काढलेल्या चित्रात कामगार हा बिचारा असतो. आपल्याला हवे आहे ते चित्र कामगाराचे कौशल्य दाखवणारे, त्याच्यावरचा अन्याय मोजून दाखवणारे, आणि त्याच्या संमतीने काढलेले.

कॅमेरा कुणाच्या हातात?

जर्मनीत १९२० च्या दशकात कामगारांचे एक सचित्र साप्ताहिक निघत असे. व्यापारी वृत्तसंस्थांकडून मिळणाऱ्या छायाचित्रांत कामगारांचे जीवन नाही, हे संपादकांच्या लक्षात आले. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी वाचक कामगारांनाच आवाहन केले की चित्रे तुम्ही काढून पाठवा. त्यातून कामगार छायाचित्रकारांची संघटना उभी राहिली, तिचे स्वतंत्र मासिक निघाले. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच तेथील हे सारे काम चिरडले गेले, आणि साप्ताहिकाला प्राग गाठावे लागले.

ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राना प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक कपडा कामगार मेले. ढिगाऱ्यात एकमेकांना मिठीत घेतलेल्या एका स्त्री-पुरुषाचे छायाचित्र जगभर गेले. ते काढणाऱ्या तस्लिमा अख्तर या निव्वळ छायाचित्रकार नाहीत, कपडा कामगारांच्या संघटनेच्या कार्यकर्त्या आहेत. चित्र काढून त्या थांबल्या नाहीत. त्या दोघांची ओळख पटवण्यासाठी त्यांनी धडपड केली, बेपत्ता कामगारांच्या नातेवाइकांच्या हातातली छायाचित्रे गोळा केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक कामगार महासंघ आणि विदेशी कंपन्या यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा बंधनकारक करार झाला. करार एका चित्राने झाला नाही. पण त्या चित्रामुळे युरोपातल्या गिऱ्हाइकाला आपल्या अंगातल्या सदऱ्याकडे पाहावे लागले, आणि संघटनांनी ती वेळ साधली.

तमिळनाडूत एम. पळनी कुमार यांनी हाताने मैला साफ करणाऱ्यांचे जीवन टिपले. २०१७ च्या 'कक्कूस' या दिव्या भारती यांच्या माहितीपटाचे छायाचित्रण त्यांचे. त्यांची आई मासळी विकून घर चालवणारी, आणि तिच्या कामाची चित्रेही त्यांनी तितक्याच निष्ठेने काढली. सफाई कामगारांच्या मुलांना ते कॅमेरा शिकवतात. बाहेरून आलेल्याला जे दिसणार नाही ते त्या मुलांना दिसते, कारण ते त्यांच्या घरातले असते.

आज आपल्या जवळपास प्रत्येक सभासदाच्या खिशात कॅमेरा आहे. १९२६ च्या जर्मन कामगाराला जे कर्ज काढून घ्यावे लागले असते ते आपल्याजवळ आहे. उणीव आहे ती सवयीची आणि शिस्तीची.

आवाज आणि हलते चित्र

काही गोष्टी छायाचित्रात मावत नाहीत. मागावर काम केलेला माणूस मोठ्याने बोलतो, कारण त्याचे कान अर्धे गेलेले असतात. ते चित्रात दिसत नाही, ऐकावे लागते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून 'पारी'वर त्या आवाजासह, गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि गावासह प्रसिद्ध होत आहेत. पहाटे उठून दळणाऱ्या बाईने आपल्या श्रमाविषयी, माहेराविषयी, बाबासाहेबांविषयी काय म्हटले, हे तिच्याच आवाजात ऐकायला मिळते. यांत्रिक गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. त्या वेळी कुणी ध्वनिमुद्रण केले नसते तर हे सारे मूक झाले असते.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण तर आपल्या छातीतले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आज त्या जागी मॉल आणि मनोरे आहेत. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर जणांच्या मुलाखतींवर २००४ मध्ये पुस्तक केले, अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ मध्ये कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांना घेऊन 'साचा' हा माहितीपट केला, आनंद पटवर्धन यांनी १९९६ मध्ये गिरणी कामगारांवर लघुपट केला. हे काम झाले म्हणून काही उरले. पण हे करणारे अभ्यासक आणि चित्रपटकार होते. संघटनांच्या कचेऱ्यांत किती ध्वनिफिती आहेत? सुरत, इंदूर, सोलापूर, हैदराबाद येथल्या गिरण्यांत आयुष्य घालवलेले मराठी कामगार आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारायला आपण कधी जाणार? कोरा कागद घेऊन शोकसभेचा ठराव लिहायला आपण वेळेवर पोहोचतो. त्याच्या दोन वर्षे आधी मोबाइल घेऊन पोहोचलो तर?

छायाचित्र, आवाज, चित्रफीत आणि मजकूर यांची सांगड घालण्याला हल्ली मल्टिमीडिया असे भारदस्त नाव आहे. नावाने घाबरू नये. पाचर कशी मारली होती हे छायाचित्र सांगते, मशीन किती वेगाने खाली येते हे चित्रफीत सांगते, पाचर मारायला कुणी लावले हे कामगाराचा आवाज सांगतो, आणि त्या पाळीत किती नग मागितले होते हे कागद सांगतो. ज्याचे काम त्याला दिले की झाले. पार्श्वसंगीताची गरज नाही.

काय करता येईल?

टीका करून हात झटकणे बरे नव्हे. काही सूचना मांडतो.

पहिली, नोंदवही. प्रत्येक शाखेत एक वही असावी. चित्र कुणी काढले, कधी, कुठे, यंत्राचा क्रमांक काय, चित्रात कोण आहे, त्याची संमती आहे की नाही. पाच-सहा रकाने पुरेत. हाइनच्या खिशातले टिपण ते हेच.

दुसरी, मूळ फाईल. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवले की चित्र लहान होते आणि त्यात दडलेली तारीख-वेळ सहसा निघून जाते. ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, आणि ज्या मोबाइलवर काढले त्यातील मूळ पुसू नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, जालन्याच्याच एका निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर प्रकरणी, स्पष्ट केले की मूळ उपकरण त्याच्या मालकाने समोर आणले नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसोबत प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. हे आपल्या प्रत्येक शाखेच्या सचिवाला ठाऊक असायला हवे. मला २०१८ मध्ये ठाऊक नव्हते.

तिसरी, सुरक्षितता. अनेक कारखान्यांत मोबाइल आत नेण्यास बंदी आहे. चित्र काढले म्हणून कामावरून काढलेला माणूस पुन्हा आत घेणे सोपे नसते. तेव्हा कुणालाही भरीस घालू नये. आत शक्य नसेल तर बाहेर येऊन कामगाराने आपल्या हाताने काढलेला नकाशा, त्याची साक्ष, त्याच्या फाटक्या हातमोज्यांचे चित्र, हेही दस्तऐवजच आहेत. चेहरा दाखवायचा की नाही हे ज्याचा चेहरा त्याने ठरवावे. जखमी माणसाचे चित्र त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय फलकावर लावू नये, मग मोर्चा कितीही मोठा असो.

चौथी, खरेपणा. आता यंत्राकडून हवे तसे खोटे चित्र क्षणात करून घेता येते. आपल्या काही पत्रकांवर अशी गुळगुळीत, हसऱ्या चेहऱ्यांची कामगारचित्रे दिसू लागली आहेत. हे ताबडतोब थांबले पाहिजे. आपण एक बनावट चित्र छापले की आपल्या शंभर खऱ्या चित्रांवर बोट दाखवण्याची सोय मालकाला होते.

पाचवी, मुखपत्र. प्रत्येक अंकात दोन पाने कामाच्या चित्रांना द्यावीत, खाली नाव-गावासह. उद्घाटन आणि सत्काराची चित्रे एका कोपऱ्यात बसवता येतील. ज्येष्ठ नेते रागावणार नाहीत, आणि रागावलेच तर तेही एके काळी यंत्रावर उभे होते याची त्यांना आठवण द्यावी.

यावर काही सहकारी म्हणतील की आधीच कार्यकर्ते अपुरे, वर्गणी थकलेली, प्रकरणे तुंबलेली, त्यात हे नवे काम कुठे काढता? त्यांना मी एवढेच विचारतो की तुंबलेल्या प्रकरणांपैकी किती पुराव्याअभावी तुंबली आहेत? हजेरीपट मालकाकडे, वेतनपत्रक मालकाकडे, दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण मालकाकडे, अपघाताची नोंदवही मालकाकडे. कामगार दिवसाचे बारा तास मालकाच्या कॅमेऱ्याखाली असतो, आणि त्या चित्रणाची नक्कल मागितली की ते नेमके त्या दिवशी बंद असते. आपली स्वतःची नोंद नसेल तर आपण प्रत्येक वेळी त्याच्या कागदावर आपली बाजू मांडत राहणार.

तो तरुण आता त्याच शहरात एका दुकानात काम करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी त्याला हा लेख लिहीत असल्याचे सांगितले. त्याने उजवा हात पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, याचा फोटो छापू नका. छापायचाच असेल तर त्या बटणाचा छापा." तो फोटो आमच्याकडे आहे, धूसर, तारखेविना. तो येथे छापलेला नाही, कारण त्याखाली लिहायची ओळ आम्ही त्या वेळी लिहून ठेवली नाही. पुढच्या शेडमधली पाचर कुणीतरी आजच टिपत असेल, तर त्याने आज रात्रीच, झोपण्यापूर्वी, ती ओळ लिहून ठेवावी.